गणिताचें मंडळ : हातांनीं सोडविण्याचीं पांच कोडीं

गणित हा शब्द कानीं पडतांच पुष्कळ मुलांचे चेहरे उतरतात. चौथीपर्यंत जीं मुलें पाढे ठसक्यांत म्हणतात, तींच सहावी-सातवींत आलीं म्हणजे मास्तरांची नजर चुकवूं लागतात. ह्याचें कारण तीं मंदबुद्धि असतात हें नव्हे. उत्तर बरोबर आहे कीं चूक, हें केवळ मास्तरच सांगूं शकतात, अशी त्यांची समजूत होऊन बसलेली असते. आणि ज्या गोष्टीचें खरेंखोटें आपणांस पारखतां येत नाहीं, तिचें भय वाटावें हें साहजिकच आहे.

हें भय शाळेच्या उंबऱ्याशींच राहिलें असतें, तर फारसें बिघडलें नसतें. पण तें माणसाबरोबर घरीं येतें. ज्यानें लहानपणीं 'हें असें कां?' म्हणून कधीं विचारलें नाहीं, तो मोठेपणीं व्याजाचा आंकडा, जमिनीचा नकाशा किंवा दुकानाची पावती हातीं आली तरी विचारीत नाहीं. सबब गांवोगांवच्या शिक्षकबंधूंस, उपदेशकांस व आईबापांस आमची अशी सूचना आहे कीं, अकरा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचें एक लहानसें गणितमंडळ काढावें. आठवड्यांतून एक तास व शाळेची पडवी एवढें त्यास पुरे. खर्च जवळजवळ नाहींच. चिंचोके, खिळे, जाड पुठ्ठा, कात्री व चौकटींचा कागद एवढेंच साहित्य लागतें.

मंडळ चालविण्याचे नियम तीन आहेत. पहिला, प्रत्येक कोडें प्रथम हातांनीं करून पाहावें, मग पाटीवर मांडावें. दुसरा, उत्तर सांपडलें म्हणून थांबूं नये. 'असेंच कां होतें?' ह्याचा उलगडा झाल्यावांचून कोडें सुटलें असें समजूं नये. तिसरा, चालकानें उत्तर सांगूं नये. हा तिसरा नियम सर्वांत कठीण आहे. आम्हीं स्वतः पहिल्या तीन बैठकी तो मोडून बिघडविल्या. मुलें क्षणभर गप्प बसलीं कीं आमच्यानें राहवत नसे, आणि आम्ही उत्तर देऊन मोकळे होत असूं. चवथ्या बैठकीस निम्मीं मुलें आलींच नाहींत, तेव्हां आमचे डोळे उघडले.

कोडें पहिलें : चिंचोक्यांचा चौक

प्रत्येक मुलास मूठभर चिंचोके द्यावे. प्रथम एक चिंचोका ठेवावा. त्याच्या उजवीकडे, खालीं व कोपऱ्यांत मिळून तीन चिंचोके असे लावावे कीं दोन बाय दोनचा चौक व्हावा. नंतर दोन बाजूंस गुण्याच्या आकारानें पांच लावावे, मग सात, मग नऊ. प्रत्येक वेळीं चौक पुरा होतो, हें मुलांस आपोआप दिसेल. म्हणजे १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६; ओळीनें विषम संख्या मिळवीत गेल्यास वर्गसंख्याच येतात.

आतां 'असेंच कां?' हें विचारावें. चारांचा चौक पांचांचा करावयाचा असेल, तर एका बाजूस चार, दुसऱ्या बाजूस चार व कोपऱ्याचा एक, मिळून नऊ चिंचोके लागतात. पांचांचा सहांचा करण्यास पांच, पांच व एक, म्हणजे अकरा. वाढणारी संख्या दुपटीहून एकानें अधिक, म्हणून ती नेहमीं विषम. एवढें ज्याला उमगलें, त्याला पहिल्या दहा विषम संख्यांची बेरीज १०० आहे हें सांगण्यास बेरीज करावी लागत नाहीं.

ह्याच चिंचोक्यांनीं १, २, ३, ४ अशी पायऱ्यांची उतरण लावावी, व तशीच दुसरी उतरण उलटी करून तिला जोडावी. चार बाय पांचचा आयत होतो. त्याचे अर्धे दहा, हीच पहिल्या चार संख्यांची बेरीज. ही युक्ति मुलांनीं लक्षांत ठेवावी. शेवटच्या कोड्यांत ती उपयोगीं पडेल.

कोडें दुसरें : चार वजनें

एका काठीच्या दोन्ही टोकांस दोन करवंट्या सारख्या दोऱ्यांनीं टांगून तराजू करावा. अगदीं सारखे असे ऐंशी खिळे घ्यावे. त्यांतील चाळिसांच्या दोऱ्यानें बांधून वजनाच्या जुड्या कराव्या, उरलेले चाळीस हा माल समजावा. प्रश्न असा : एका खिळ्यापासून चाळीस खिळ्यांपर्यंत कोणताहि माल जोखतां यावा, तर कमींत कमी किती जुड्या पाहिजेत, आणि त्या किती किती खिळ्यांच्या?

आम्हीं हें कोडें मुलांपुढें मांडलें, तेव्हां हुशार म्हणून नांवाजलेल्या मुलांनीं १, २, ४, ८, १६ व ३२ अशीं सहा वजनें काढलीं. आम्हांसहि तेंच उत्तर शेवटचें वाटत होतें. इतक्यांत मागें बसलेला, गणितांत नेहमीं नापास होणारा एक मुलगा उठला. तो आपल्या आईबरोबर आठवड्याच्या बाजारांत भाजी विकावयास बसत असे. तो म्हणाला, "गुरुजी, चार किलो द्यायचे असले अन् लहान मापं हरवलीं असलीं, तर आम्ही पांचाचं माप एकीकडं टाकतों, अन् एकाचं भाजीच्या पारड्यांत." सारा वर्ग त्याच्याकडे वळून पाहूं लागला. वजन मालाच्या बाजूसहि ठेवतां येतें, ही गोष्ट आमच्या ध्यानांतच आली नव्हती!

मग कोडें भराभर सुटलें. १ व ३ ह्या दोन वजनांनीं एकापासून चारांपर्यंत सर्व जोखतां येतें. दोन जोखावयाचे तर तीन एका पारड्यांत, व एक मालाबरोबर. पुढचें वजन कोणतें? पांच जोखतां आले पाहिजेत, व मालाच्या बाजूस जास्तींत जास्त चार टाकतां येतात. तेव्हां ५ + ४, म्हणजे ९. आतां तेरापर्यंत मजल गेली. पुढचें चौदा, १४ + १३, म्हणजे २७. एक, तीन, नऊ व सत्तावीस, ह्या चार वजनांनीं चाळिसापर्यंत काम भागतें. फ्रान्स देशचा पंडित बाशे ह्यानें १६१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोड्यांच्या पुस्तकांत हें कोडें आढळतें.

चार वजनांनीं चाळिसांपुढें जातां येणार नाहीं, हेंहि दाखवितां येतें. प्रत्येक वजनास तीनच जागा : हें पारडें, तें पारडें, किंवा जमीन. म्हणून चारांच्या मांडण्या ३ × ३ × ३ × ३, म्हणजे ८१. सगळीं जमिनीवर असलेली एक मांडणी सोडावी; उरल्या ऐंशी. त्यांतील निम्म्या ह्या दुसऱ्या निम्म्यांच्या केवळ उलट्या. राहिल्या चाळीस.

त्या मुलाविषयीं एवढेंच सांगतों कीं, त्या दिवसापासून तो पुढच्या ओळींत बसूं लागला.

कोडें तिसरें : तबकड्यांचा मनोरा

हा खेळ एद्वार ल्युका नांवाच्या फ्रेंच गणितज्ञानें १८८३ सालीं काढला. जमिनीवर तीन वर्तुळें काढावीं. पुठ्ठ्याच्या लहानमोठ्या तबकड्या कापून, मोठी खालीं व लहान वर अशा क्रमानें, पहिल्या वर्तुळांत रचाव्या. सर्व मनोरा तिसऱ्या वर्तुळांत न्यावयाचा. पण एका वेळीं एकच तबकडी उचलावयाची, आणि लहान तबकडीवर मोठी कधींहि ठेवावयाची नाहीं.

एका तबकडीस एक चाल लागते, दोहोंस तीन, तिहींस सात, चोहोंस पंधरा. मुलांनीं हे आंकडे स्वतः खेळून मिळवावे व पाटीवर ओळीनें लिहावे. मग कारण शोधावें. सर्वांत खालची तबकडी हलविण्यापूर्वीं तिच्यावरील सगळ्या मधल्या वर्तुळांत गेल्या पाहिजेत. ती हलल्यावर त्या सगळ्या पुन्हां तिच्यावर आल्या पाहिजेत. म्हणजे मागील चालींची दुप्पट, अधिक एक. पंधराची दुप्पट तीस व एक एकतीस, ही पांच तबकड्यांची संख्या.

ह्या खेळण्याबरोबर अशी एक कथा पसरली कीं, काशीच्या एका देवळांत सोन्याच्या चौसष्ट तबकड्यांचा असा मनोरा आहे व तो हलवून पुरा होईल तेव्हां जगाचा अंत होईल. ही कथा निव्वळ कल्पित आहे. पण तिच्यांतील हिशेब मुलांनीं अवश्य करावा. चौसष्ट तबकड्यांस १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ चाली लागतात. दर सेकंदास एक चाल, रात्रंदिवस न थांबतां केली, तरी सुमारें ५८ हजार कोटी वर्षें लागतील. आपल्या पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटी वर्षें मानितात, म्हणजे त्याच्या शंभरपटींहूनहि अधिक काळ!

दुपटीची ही शक्ति केवळ खेळापुरती नाहीं. एके संध्याकाळीं आमच्या मंडळांतील एका मुलाचा बाप हातांत एक छापील कागद घेऊन पडवींत आला. बैल घेण्यासाठीं सांठविलेले पैसे एका योजनेंत भरावयाचे त्याच्या मनांत होतें. योजना अशी कीं, प्रत्येकानें पैसे भरून आणखी दोघांस आणावें, त्या दोघांनीं प्रत्येकीं दोघांस आणावें, आणि मागून येणाऱ्यांच्या पैशांतून आधींच्यांस मोठा नफा मिळावा. "हिशेब बरोबर आहे ना, एवढं पाहा गुरुजी," असें तो म्हणाला. आम्ही बोलणार, तोंच त्याच्या मुलानें चिंचोक्यांची पिशवी ओतली. पहिल्या ओळींत एक, दुसरींत दोन, तिसरींत चार, असे तो लावीत गेला. दहाव्या ओळीस ५१२ पाहिजे होते. पिशवी त्यापूर्वींच संपली. मग त्यानें पाटीवर दुप्पट करण्यास आरंभ केला. तिसाव्या दुपटीस १०७ कोटींहून अधिक आंकडा आला. "बाबा, एवढीं माणसं आणायचीं कुठून? आणि शेवटल्या ओळींतल्या सगळ्यांचे पैसे गेलेच कीं," मुलगा म्हणाला. ह्या योजनेंत कोणत्याहि क्षणीं निम्म्याहून अधिक लोक शेवटच्या ओळींतच असतात, हें त्यानें चिंचोक्यांवरूनच दाखविलें. कारण प्रत्येक ओळ वरच्या सर्व ओळींच्या बेरजेहून एकानें मोठी असते.

बाप बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. निम्मे पैसे त्यानें आधींच भरले होते. ते पुढें परत मिळाले नाहींत. उरलेले निम्मे मात्र वांचले. असल्या साखळी-योजनांस भारतांत १९७८ च्या कायद्यानें बंदी आहे, हें आम्हीं त्यास सांगितलें खरें. पण त्याची खातरी कायद्यानें झाली नाहीं, मुलाच्या चिंचोक्यांनीं झाली.

कोडें चवथें : फसवा चौकोन

चौकटींच्या कागदाचा आठ बाय आठ खान्यांचा चौरस कापावा. त्यांत ६४ खाने आहेत. तो कापून आठ बाय पांच व आठ बाय तीन असे दोन आयत करावे. आठ बाय तीनचा आयत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा कापावा. दोन त्रिकोण होतील. आठ बाय पांचच्या आयताच्या एका लांब बाजूवर डावीकडून तीन खाने मोजून खूण करावी, समोरच्या लांब बाजूवर डावीकडून पांच मोजून खूण करावी, व दोन्ही खुणा जोडणाऱ्या रेषेवर कापावें. आतां चार तुकडे झाले. प्रत्येक त्रिकोणाची तीन खान्यांची बाजू एकेका चौकोनी तुकड्याच्या तीन खान्यांच्या बाजूस जुळवावी, व तयार झालेले दोन मोठे तुकडे तिरप्या बाजूंनीं एकमेकांस लावावे. पांच बाय तेराचा आयत तयार होतो. खाने मोजा : ६५!

एक खाना कोठून आला? आमच्या मंडळांत ह्यावर पुष्कळ वाद झाला. कोणी म्हणे कात्री वांकडी गेली, कोणी म्हणे मोजण्यांत चूक झाली, व दोघे तिघे तर 'असेल कांहीं जादू' म्हणून स्वस्थ बसले. एक मुलगी कधींहि वर्गांत तोंड उघडीत नसे. तिनें चारी तुकडे एका पुठ्ठ्यावर नीट जुळवून चिकटविले, मधल्या सांध्याखालचा पुठ्ठा कापून काढला, व तें सर्व खिडकीच्या उजेडासमोर धरलें. मधोमध, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, उजेडाची एक बारीक फट दिसली. "खाना आला नाहीं, भोंक पडलं आहे," एवढेंच ती बोलली.

तिचें म्हणणें पाटीवर असें सिद्ध होतें. त्रिकोणाची तिरपी बाजू आठ खाने पुढें जातांना तीन खाने चढते, म्हणजे दर खान्यास ०.३७५. दुसऱ्या तुकड्याची तिरपी बाजू पांच खाने पुढें जातांना दोन चढते, म्हणजे दर खान्यास ०.४. हे दोन उतार सारखे नाहींत. म्हणून ती रेषा सरळ नसून किंचित् मोडलेली आहे. त्या मोडीमुळें मधें जी चिंचोळी फट राहते, तिचें क्षेत्रफळ बरोबर एक खाना भरतें. हें कोडें १८६८ सालीं जर्मनींतील एका गणितविषयक नियतकालिकांत छापलें होतें, आणि तेव्हांपासून त्यानें पुष्कळांस फसविलें आहे.

ह्यापासून घ्यावयाचा धडा मोठा आहे. डोळ्यांस सरळ दिसलेली रेषा सरळ असतेच असें नाहीं. शेताची हद्द पाहून, नकाशाची आकृति पाहून 'बरोबर दिसतें' म्हणणें वेगळें, आणि मोजून 'बरोबर आहे' म्हणणें वेगळें.

कोडें पांचवें : देवळालीच्या मास्तरांची संख्या

पुठ्ठ्याचे लहान चौकोन कापून त्यांवर शून्यापासून नऊपर्यंत आंकडे लिहावे. प्रत्येक आंकड्याचे चार चार पत्ते असावे. मुलानें कोणतेहि चार पत्ते उचलावे; मात्र चारी सारखे नसावे. त्यांची मोठ्यांत मोठी व लहानांत लहान संख्या मांडून वजाबाकी करावी. जी संख्या येईल तिच्या आंकड्यांवर पुन्हां तेंच करावें. समजा ३, ५, २, ४ निघाले. ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हां, ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हां, ८५३२ − २३५८ = ६१७४. आतां ७६४१ − १४६७ करून पाहा; पुन्हां ६१७४ च! कोणत्याहि चार पत्त्यांनीं आरंभ केला तरी सात वजाबाक्यांच्या आंत हीच संख्या येते. मधें ०९९९ सारखी संख्या आल्यास तिचें शून्य टाकूं नये.

हा शोध आपल्याच मुलुखांतील एका शाळामास्तरांचा आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणू येथें झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकून ते नाशिकजवळ देवळाली येथें १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. त्यांनीं ही संख्या शोधून काढली. जवळच्या पुष्कळ पंडितांनीं त्यांच्या कामास क्षुल्लक मानिलें. पण १९७५ सालीं अमेरिकेंतील एका नामांकित शास्त्रीय मासिकांत त्यांच्याविषयीं लेख आला, व ६१७४ ला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणूं लागले. १९८६ सालीं ते वारले. मोठें विद्यापीठ नाहीं, यंत्र नाहीं. कागद, पेन्सिल व चिकाटी एवढेंच त्यांचें भांडवल होतें.

आणि आमच्या मंडळास ह्या कोड्यांत सर्वांत मोठा आनंद ह्याचा झाला कीं, त्याची सिद्धता मुलांनीं स्वतः पुरी केली. चार पत्त्यांतील सर्वांत मोठा व सर्वांत लहान ह्यांचा फरक ९९९ नें गुणावा. मधल्या दोहोंचा फरक ९० नें गुणावा. ह्यांची बेरीज हीच पहिली वजाबाकी. वरील उदाहरणांत ५ − २ = ३ व ४ − ३ = १; २९९७ + ९० = ३०८७. आतां पहिला फरक १ ते ९, आणि दुसरा फरक पहिल्याहून मोठा कधींच नाहीं. पहिला १ असतां दोन प्रकार, २ असतां तीन, असे करीत ९ असतां दहा. २ + ३ + ... + १०, पायऱ्यांच्या उतरणीनें, ५४. म्हणजे पत्ते कसेहि निघोत, पहिल्या वजाबाकीनंतर चौपन्नच संख्या संभवतात. सत्तावीस मुलांत प्रत्येकीं दोन वांटून दिल्या. अर्ध्या तासांत सर्व चौपन्न ६१७४ ला येऊन मिळाल्या. 'मास्तर म्हणतात म्हणून' हें वाक्य त्या दिवशीं पडवींत कोणाच्याहि तोंडीं आलें नाहीं.

पुढील बैठकीसाठीं प्रश्न

१. एकपासून नव्याण्णवपर्यंतच्या सर्व विषम संख्यांची बेरीज, बेरीज न करतां सांगा.

२. १, ३, ९ व २७ ह्या वजनांनीं वीस कसे जोखाल? पांचवें वजन कोणतें घ्यावें, आणि मग कोठपर्यंत मजल जाईल?

३. सहा तबकड्यांच्या मनोऱ्यास किती चाली लागतील?

४. तेरा बाय तेराचा चौरस, आठ व पांच अशा पट्ट्या करून, चवथ्या कोड्याच्याच रीतीनें कापावा व आठ बाय एकवीसचा आयत जुळवावा. खाना वाढतो कीं घटतो? कां?

५. तीन पत्त्यांनीं पांचवें कोडें खेळल्यास कोणत्या संख्येवर येऊन थांबावें लागतें?

ह्यांचीं उत्तरें आम्ही येथें छापीत नाहीं, व वाचकांनीं आम्हांवर रागावूं नये. आमचा तिसरा नियम तसाच आहे. चिंचोके गोळा करा, मुलांस बोलवा, आणि तीं गप्प बसलीं तर तुम्हीहि थोडा वेळ गप्प बसा.